सचिनची फेरारी आणि आपली ड्युटी

सचिन तेंडुलकरकडे आता ती लाल फेरारी नाही. २०११ मध्येच त्याने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकून टाकली. तरीही मुंबईत कुठे लाल रंगाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली गाडी दिसली की घोळक्यातलं कुणीतरी म्हणतंच, ‘सचिनची आहे का रे?’ माझ्या वयाच्या मुलामुलींनी सचिनला त्या गाडीतून उतरताना पाहिलेलंच नाही. ती मुंबईत आली तेव्हा आमच्यातले निम्मे जन्मले नव्हते आणि उरलेले दुपट्यात होते. पण ‘फेरारी’ म्हटलं की शूमाकरच्या आधी सचिन आठवतो, हे आमच्यापर्यंत आलंय. घरातल्या मोठ्यांकडून जशा गोष्टी येतात तसंच.

तर त्या गाडीबद्दल थोडं. फेरारी ३६० मोडेना. इटलीतलं मोडेना हे एन्झो फेरारीचं जन्मगाव आणि त्याचंच नाव या गाडीला दिलेलं. कारखाना तिथून जवळच, मारानेलोला. १९९९ ते २००५ एवढीच वर्षं हे मॉडेल बनलं. ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, पूर्ण ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि ताशी तीनशेच्या आसपास जाणारा वेग. इंजिन पुढे नाही, सीटच्या मागे, आणि त्यावर काच. म्हणजे बाहेर उभं राहून कुणालाही इंजिन बघता यावं, अशी व्यवस्था. डिझाइन पिनिनफारिना यांचं. आज ती जुनी झाली, तिच्यानंतर फेरारीने कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्या काढल्या, पण मला तरी तिच्या इतकी साधी, गोलसर, न ओरडणारी फेरारी दुसरी दिसत नाही. (गाड्यांवर लिहिणाऱ्या मुलीला ‘रंग सोडून काय कळतं’ असं विचारणाऱ्यांसाठी हा परिच्छेद मुद्दाम थोडा लांबवलाय.)

ही गाडी सचिनकडे आली कशी? एप्रिल २००२ मध्ये त्रिनिदादला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्याने वेस्ट इंडीजविरुद्ध ११७ केले. ते त्याचं २९वं कसोटी शतक. डॉन ब्रॅडमनचीही २९च. ब्रॅडमन गेले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे त्या आकड्याला एक वेगळंच वजन होतं. त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंड दौऱ्यावर असताना सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिनला ही गाडी देण्यात आली. देणारी कंपनी फियाट. तेव्हा फेरारी फियाटच्या छत्राखाली होती, आणि सचिन भारतात फियाटचा ब्रँड ॲम्बॅसिडर होता. फियाटने त्या काळात पॅलिओ नावाची छोटी गाडी भारतात आणली होती, तिची सचिनच्या नावाने ‘एस १०’ अशी खास आवृत्तीही निघाली. दहा म्हणजे अर्थातच जर्सीचा नंबर.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. फियाट हे नाव मुंबईला काही नवीन नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या ११०० मॉडेलवरून बनलेली गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपल्या हाडामांसात मुरली. नाव बदललं तरी टॅक्सीवाले तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली तेव्हा मुंबईने केवढा हंबरडा फोडला! म्हणजे बघा, आपल्या आजोबांनी मीटर खाली करून ज्या गाडीतून दादर स्टेशन गाठलं, ती आणि सचिनची फेरारी या लांबच्या का होईना, चुलत बहिणी.

असो. मूळ मुद्दा गाडी आली त्याच्या नंतरचा आहे.

गाडी परदेशातून येणार म्हणजे कस्टम्स ड्युटी आली. त्या वेळच्या बातम्यांनुसार गाडीची किंमत साधारण ७५ लाख आणि ड्युटी १ कोटी १३ लाखांच्या घरात. गाडीपेक्षा ड्युटी मोठी! सरकारने २००३ मध्ये ती माफ केली. आणि मग गदारोळ झाला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शेवटी ड्युटी फियाटने भरली आणि विषय मिटला.

हे सगळं मी घरात काढलं तर अजूनही दोन तट पडतात. एक गट म्हणतो, ‘त्याने देशासाठी एवढं केलं, एक गाडी सोडली तर काय बिघडलं?’ दुसरा म्हणतो, ‘एवढा कमावतो, भरायला काय झालं?’ मला दोन्ही वाक्यं अर्धवट वाटतात. पहिल्यात भक्ती जास्त आहे, दुसऱ्यात मत्सर.

कारण अशी माफी काही पहिल्यांदा मिळाली नव्हती. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात बेन्सन अँड हेजेस वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, त्यात रवी शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरला आणि त्याला ऑडी १०० मिळाली. मेलबर्नच्या मैदानात त्या गाडीच्या आत, टपावर, बॉनेटवर चढून अख्ख्या टीमने मारलेली चक्कर यूट्यूबवर आहे, बघितली नसेल तर आज रात्री बघाच. त्या ऑडीची ड्युटी राजीव गांधींच्या सरकारने माफ केली, हे शास्त्री स्वतःच आवडीने सांगतो. तेव्हा कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही. मग सचिनच्याच वेळी एवढा राग का?

याचं उत्तर म्हणून ‘१९८५ मध्ये लोक साधे होते’ असं म्हणणं सोपं आहे. पण मला फरक गाडीत दिसतो. ऑडी मैदानात जिंकलेली होती. स्पर्धा जाहीर, बक्षीस जाहीर, जो सर्वात चांगला खेळेल त्याची गाडी. पाकिस्तानातला किंवा ऑस्ट्रेलियातला खेळाडू सरस ठरला असता तर ती तिकडे गेली असती. फेरारीचं तसं नव्हतं. ज्या कंपनीची जाहिरात सचिन करत होता, त्याच कंपनीने ती दिली. शतक खरं होतं, कौतुकही खरं असेल, पण त्या कौतुकाच्या फोटोत कंपनीचा लोगोही होता. लॉर्ड्सवर किंवा वानखेडेवर नाही, फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर, शूमाकरच्या हस्ते गाडी दिली जाते तेव्हा तो सत्कार असतो तशी ती जाहिरातही असते. जाहिरातीचा खर्च कुणी करायचा? ज्याची जाहिरात त्याने. त्यामुळे फियाटने पैसे भरणं हा माझ्या मते तडजोडीचा नाही, तर एकदम बरोबर शेवट होता. तो फक्त कोर्टकचेरीच्या आधी व्हायला हवा होता.

आणि ज्यांना ‘एका गाडीने काय बिघडतं’ असं वाटतं, त्यांनी सहार विमानतळावरच्या ग्रीन चॅनलपाशी जरा वेळ उभं राहावं. दुबईहून बहिणीच्या लग्नासाठी टीव्ही आणणारा मामा तिथे घाम पुसत पावती फाडतो. त्यानेही तिकडे चाळीस अंशात काम करून देशात पैसेच पाठवलेले असतात. त्याच्यासाठी कुणी फाइल हलवत नाही. माफी चूक की बरोबर हे ठरवताना मला सचिनचा चेहरा आठवायचाच नसतो, या मामाचा आठवायचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, वीस-बावीस वर्षांपूर्वीची भांडणं आज कशाला? तर त्याचं कारण तुमच्या फोनमध्ये आहे. तेव्हा एक सचिन होता, त्याला एक फेरारी मिळाली. आज आमच्या एकेका वर्गात दोन-तीन जण असे सापडतील ज्यांच्या घरी ‘पीआर पॅकेज’ येतं. कुणाला सीरम, कुणाला इअरबड्स, कुणाला स्नीकर्स. बॉक्स उघडायचा, डोळे मोठे करायचे, ‘सो ब्लेस्ड’ लिहायचं. ही भेट आहे की मोबदला, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘अगं, त्यांनी प्रेमाने पाठवलंय.’ प्रेमाने! फॉलोअर्स दोनशेच असते तर हे प्रेम उतू गेलं असतं का?

कायद्याने हा प्रश्न आता बऱ्यापैकी सोडवलाय, आणि आमच्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताच नाही. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यात कलम १९४ आर आलं. व्यवसायाच्या निमित्ताने वर्षभरात वीस हजारांपेक्षा जास्त किमतीचा फायदा वस्तूरूपाने मिळाला, तर देणाऱ्याने त्यावर दहा टक्के टीडीएस कापायचा. याच्या स्पष्टीकरणात सोशल मीडियावरच्या प्रभावकांचा सरळ उल्लेख आहे, आणि उदाहरण म्हणून मोबाइल, कपडे, कॉस्मेटिक्स यांच्याबरोबर चक्क कार आहे. वापरून कंपनीला परत दिलीत तर तो फायदा नाही. ठेवून घेतलीत तर आहे. इतकं साधं. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं, की फुकट मिळालेल्या वस्तूबद्दलही ‘ही जाहिरात आहे’ हे स्पष्ट दिसेल असं लिहायचं. पंचवीस हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवायचं नाही.

हे वाचताना मला वाटलं, त्या कारच्या उदाहरणाजवळ बाबू मंडळींच्या डोक्यात नेमकी कुठली कार असेल? लाल तर नसेल?

या गाडीचा सिनेमाही झाला, ‘फेरारी की सवारी’, २०१२ मध्ये, राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात शर्मन जोशी आरटीओतला हेडक्लार्क आहे. इतका सरळ की सिग्नल मोडला गेला म्हणून हवालदाराला शोधून स्वतःहून दंड भरतो. मुलाला लॉर्ड्सच्या क्रिकेट कॅम्पला पाठवायला पैसे नाहीत, म्हणून एका लग्नाच्या वरातीसाठी तो सचिनच्या घरून फेरारी नेतो. सचिन पूर्ण सिनेमात दिसत नाही, दिसते ती फक्त गाडी. जिची ड्युटी माफ करण्यावरून देश भांडला, तिच्यावरची गोष्ट लिहिताना नायक मात्र दंड भरणारा कारकून निवडावासा वाटला, हे मला फार आवडतं. ठरवून केलं असेल नसेल, माहीत नाही, पण बसलंय मस्त.

उरला गाडी विकण्याचा विषय. २०११ मध्ये ती बातमी आली तेव्हा अनेक चाहते दुखावले होते. ब्रॅडमनच्या बरोबरीची आठवण, शूमाकरच्या हातून मिळालेली, आणि विकली? आजही हा विषय निघाला की कुणी ना कुणी हळहळतं. इथे मी पूर्णपणे सचिनच्या बाजूने. माफी मागितली तेव्हा आपण म्हणालो, ‘ही तुझी खासगी गाडी, पैसे भर.’ पैसे भरले गेले. मग विकताना ती अचानक ‘आपली’ कशी झाली? दोन्हीकडून कसं चालेल? ज्याची ड्युटी भरली ती वस्तू त्याची, त्याने ती विकावी, ठेवावी, नाहीतर कव्हर घालून विसरावी.

शास्त्रीने वेगळं केलं. त्याची ऑडी खिळखिळी झाली होती, ती २०२२ मध्ये ठाण्याला रेमंडच्या गॅरेजमध्ये पुन्हा नवीसारखी करून घेतली आणि ती राष्ट्राची ठेव आहे असं तो म्हणाला. पटतं मला ते. त्या गाडीच्या टपावर सगळी टीम बसली होती. फेरारीच्या टपावर कोण बसलं होतं? तिच्यात जागाच दोघांची.

आणि सचिनला वस्तूंचं काही वाटत नाही असंही नाही. आचरेकर सर शिवाजी पार्कात स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बोलर आउट करेल तर नाणं त्याचं, सचिन नाबाद राहिला तर त्याचं. अशी जिंकलेली तेरा नाणी आपल्याला किती मोलाची आहेत, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलंय. त्यावर कुठलीच ड्युटी नव्हती, आणि ती मैदानातच कमावलेली होती. २०२० मध्ये एका मुलाखतीत गाड्यांचा विषय निघाला तेव्हाही त्याने फेरारीसाठी उसासा टाकला नाही. क्रिकेटर झाल्यावर स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली गाडी होती मारुती ८००. ती आता त्याच्याकडे नाही. ती परत मिळाली तर हवी आहे, कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा, असं त्याने लोकांना सांगितलं.

तर तुमच्या सोसायटीच्या मागे, चिंचेच्या झाडाखाली धूळ खात उभ्या असलेल्या मारुतीची कागदपत्रं एकदा तपासून बघा.