ठाण्यातला कॅमेरा आणि चौकातला कॅमेरा

विषयपत्रिकेवर नसलेला विषय ‘ऐनवेळचा’ म्हणून आणायचा आणि सभा उठता उठता मंजूर करून घ्यायचा, या पद्धतीवर मी या जागेवरून अनेकदा लिहिले आहे. या आठवड्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेने त्याच वाटेने शहरभर सीसीटीव्ही बसवण्याचा ठराव केला. सभागृह नवे, निवडणुकीतली आश्वासने ताजी. सूचक, अनुमोदक, मंजूर. विरोधी बाकांवरून एकच तक्रार आली : आमच्या प्रभागाला कॅमेरे कमी का?

ठरावासोबतचे अंदाजपत्रक मी मिळवून वाचले. खांबांची उंची, केबलची लांबी, कॅमेरे किती मेगापिक्सेलचे, रेकॉर्डिंगच्या यंत्राची क्षमता, लोकार्पणाच्या फलकाचा खर्च, सगळे आहे. फुटेज कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कोणाला देणार आणि ते बाहेर फुटले तर कोणाला जबाबदार धरणार, यावर एक ओळ नाही.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. २००८च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रण कसाबच्या खटल्यात पुरावा म्हणून उभे राहिले. त्या हल्ल्यानंतर मुंबईत शहरभर कॅमेरे बसवायचे ठरले, ते काम पुरे व्हायला २०१६ उजाडले, आणि त्या दिरंगाईवर तेव्हा झालेली टीका रास्त होती. धडक देऊन पळालेली गाडी, भर दुपारी मंगळसूत्र हिसकावणारे, एटीएमबाहेर म्हाताऱ्यांना गाठणारे, यांचा माग आज कॅमेऱ्यामुळेच लागतो. संध्याकाळच्या क्लासहून मुलगी परत येईपर्यंत खिडकीत उभी राहणारी आई चौकात कॅमेरा मागते, तेव्हा ती योग्य तेच मागते. तिच्या मागणीला पालिकेने दिलेले उत्तर मात्र अर्धे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात तिच्याच मुलीला धोका आहे.

माझ्या मते या वादाचा उलगडा एका तुलनेत होतो. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाचा हा आदेश प्रत्येक नगरसेवकाने मुळातून वाचावा. कॅमेरा बसवण्याआधी काय काय ठरवावे लागते, ते त्यात सापडते. कॅमेरे कुठे हवेत, याची यादी आहे : प्रवेशद्वार, सगळ्या कोठड्या, मार्गिका, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू. स्वच्छतागृहाच्या बाहेर कॅमेरा हवा, आत नको, हेही लिहिले आहे. ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय आहे, त्या माणसाच्याही अब्रूची मर्यादा कुठे सुरू होते, याचा विचार कॅमेरा बसवण्याआधी झाला.

आवाज नोंदला गेला पाहिजे, अंधारात दिसले पाहिजे. चित्रण १८ महिने जपायचे. तेवढ्या क्षमतेचे यंत्र मिळत नसेल तर मिळेल तेवढा काळ, पण एका वर्षाच्या खाली नाही. कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारीची. बंद पडला तर त्याने जिल्हा समितीला तातडीने कळवायचे, आणि बंद असलेल्या काळात ठाण्यात कोणाला अटक झाली, कोणाची चौकशी झाली, तेही कळवायचे. दारावर स्थानिक भाषेत मोठा फलक हवा : इथे कॅमेरे आहेत, तुमच्या हक्कांवर घाला आला तर तुम्ही तक्रार करू शकता, आणि ते चित्रण सुरक्षित ठेवून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. या सगळ्यावर नजर ठेवायला जी जिल्हा समिती नेमायची, तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या जोडीला लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी आहे : शहरी भागात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष.

आता हेच प्रश्न चौकातल्या कॅमेऱ्याला विचारा. कॅमेरा कुठे? नगरसेवक सांगेल तिथे. मी ज्या गल्ल्या पायी फिरलो, तिथे खांबावरचे कॅमेरे सरळ समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावतात, आणि त्या घरांनी दिवसाउजेडी पडदे ओढून घेतले आहेत. चित्रण किती दिवस? हार्ड डिस्क भरेपर्यंत. चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची? पालिका पोलिसांकडे बोट दाखवते, पोलीस ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचा देखभाल करार संपलेला असतो. फलक आहे, पण त्यावर आमदार आणि नगराध्यक्षांचे फोटो. नागरिकाचा अधिकार? त्याचा उल्लेखच नाही.

या तुलनेची दुसरी बाजू मला अधिक छळते. इतके काटेकोर नियम असलेला ठाण्यातला कॅमेरा नेमक्या वेळी बंद असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावरून राज्य सरकारला फटकारले. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, आपल्याच आदेशाला पावणेपाच वर्षे झाल्यानंतर. म्हणजे कॅमेरा जिथे सरकारकडे पाहतो तिथे नियम आहेत आणि चित्रण मिळत नाही. जिथे नागरिकाकडे पाहतो तिथे चित्रण आहे आणि नियम नाहीत. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर कॅमेऱ्याला कशाला भ्यायचे?’ असे मला दर वेळी सुनावले जाते. हा प्रश्न पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहून विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

नियम नसले की काय होते, ते मी पाहिले आहे. एका पालिकेचा ‘नियंत्रण कक्ष’ म्हणजे कर विभागाच्या मागची एक खोली. भिंतीवर दोन पडदे, टेबलावर माउस, आणि पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर पासवर्ड. कामाला ठेकेदाराचा एक तरुण, नेमणुकीचे पत्र नाही, गोपनीयतेची हमी कोणी लिहून घेतलेली नाही. खोलीत कोण आले, काय पाहिले, काय नेले, याची नोंदवही मी मागितली तर त्याला प्रश्नच कळला नाही. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. मी तिथे असतानाच एका कार्यकर्त्याचा फोन आला, आणि त्या तरुणाने पडद्यावर चाललेले दृश्य आपल्या मोबाइलवर टिपून त्याला पाठवून दिले. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अशा क्लिपा नीट पाहा. चित्र किंचित हलते, कोपऱ्यात तारीख-वेळ असते, काचेवर ट्यूबलाइटची तिरीप. त्या अशाच खोल्यांतून निघतात. उद्यानातल्या बाकावर मित्राबरोबर बसलेली मुलगी लहान गावात अशा एका क्लिपमुळे कॉलेजला मुकते, आणि ज्याने ती पाठवली त्याचे नावही कोणाला कळत नाही.

२०१३ मध्ये दिल्ली मेट्रोच्या कॅमेऱ्यांतून टिपलेली जोडप्यांची दृश्ये अश्लील संकेतस्थळांवर पोहोचली होती. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण टेलिग्रामवर विकले गेले, आणि पकडलेल्या आरोपींपैकी दोघे आपल्या लातूर आणि सांगलीचे निघाले. त्या बायकांनी कोणाचे काय बिघडवले होते? त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या.

आणि सुरक्षिततेचे म्हणाल, तर कॅमेरा घडलेले सांगतो, घडणारे थोपवतोच असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. आगारात कॅमेरे होते, सुरक्षारक्षक होते, पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते. आरोपी ओळखायला चित्रण उपयोगी पडले, पण त्या पहाटे तिच्या मदतीला कोणी आले नाही. परदेशांतल्या ४० वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये जो एकत्र आढावा निघाला, त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि सर्वांत मोठी घट वाहनतळांवर होती. वाहनतळावर कॅमेरे जरूर लावा. अंधाऱ्या बोळासाठी माझे मत वर्षानुवर्षे तेच आहे : आधी दिवा लावा. याचे मोजमाप माझ्याकडे नाही, तरी मी ते ठामपणे म्हणतो, कारण दिवा बंद असलेल्या गल्लीतून बायका वळसा घालून जातात हे मी रोज पाहतो. हा ठराव करणाऱ्या नगर परिषदेतच पथदिव्यांच्या दुरुस्तीचे बिल थकले आहे आणि कॅमेऱ्यांना निधी आहे.

कायद्याच्या बाजूनेही नागरिकाच्या हाती फारसे उरलेले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. सरकारला त्यात शिरायचे तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. नगर परिषदेचे अंदाजपत्रक म्हणजे कायदा नव्हे. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सरकारी यंत्रणांना सवलतीची मोठी दारे ठेवतो. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ)मध्ये जो बदल केला, तो नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला : व्यक्तिगत माहिती नाकारताना व्यापक जनहित तपासण्याची अट त्या कलमातून गेली. आपली चोरीला गेलेली दुचाकी कोणी नेली, हे पाहायला फुटेज मागणाऱ्याला आता ‘इतरांची व्यक्तिगत माहिती’ म्हणून परत पाठवणे सोपे झाले आहे. कार्यकर्त्याला मात्र तेच फुटेज एका फोनवर मिळते.

ठराव रद्द करा, असे मी म्हणत नाही. कार्यादेश निघण्यापूर्वी तो पुन्हा सभेपुढे आणा, या वेळी विषयपत्रिकेवर घेऊन, आणि त्याला एक परिशिष्ट जोडा. कॅमेऱ्यांच्या जागा नकाशावर दाखवून हरकती मागवा. घरांच्या खिडक्या चौकटीतून वगळा. पोलिसांनी लेखी मागितलेले सोडून बाकीचे चित्रण ३० दिवसांत पुसले जावे. खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवा आणि मोबाइल दाराबाहेर ठेवायला लावा. फुटेज फुटले तर जबाबदार अधिकारी कोण, त्याचे पदनाम लिहा. ‘संबंधित विभाग’ लिहू नका. ज्याच्याबाबत गुन्हा घडला आहे त्याने अर्ज केल्यास चित्रण पुसले जाणार नाही, ही हमी द्या. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

नगराध्यक्षांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना मी या मागण्या लेखी पाठवल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रात आणखी एक प्रश्न आहे. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या ज्या जिल्हा समितीत ते स्वतः सदस्य आहेत, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिला कोणता लोकप्रतिनिधी हजर होता? उत्तर आले की इथेच छापेन.