टाळ्या वाजवायला कोणी आहे का?

"विद्यापीठ हरले काय आणि जिंकले काय, तुला त्याचे काय?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल, याची मोजदाद नाही. मैत्रिणींनी विचारला, एस.टी.त शेजारी बसलेल्या मावशींनी विचारला, घरी वडिलांनी तर दोनदा विचारला. प्रश्न चुकीचा नाही. मी खेळाडू नाही. शाळेत लंगडीच्या पुढे माझी मजल गेली नाही. तरीही आपल्या विद्यापीठाच्या संघांची मी निस्सीम चाहती आहे, हे येथे उघडपणे कबूल करते.

माझ्याजवळ एक दोनशे पानी वही आहे. आपल्या विद्यापीठाच्या संघांविषयी वर्तमानपत्रात जे काही छापून येते, त्याची कात्रणे मी तीत चिकटवते. कबड्डी असो, खो-खो असो, कुस्ती असो की क्रॉस कंट्री, मला सगळे सारखेच. कात्रणे मोठी नसतात. क्रीडापानाच्या तळाशी, जाहिरातीला लागून चार ओळी. कधी खेळाडूचे आडनाव चुकलेले असते. ते मी शाईने दुरुस्त करते. दोन वर्षांत वहीची एकोणीस पाने भरली आहेत. बाकीची कोरी पाने पाहिली की मला त्या मैदानावरच्या रिकाम्या पायऱ्या आठवतात.

त्या पायऱ्यांविषयीच मला लिहायचे आहे.

मागल्या वर्षी हिवाळ्यात आपल्या विद्यापीठाच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचे आंतरविद्यापीठ सामने झाले. मी सकाळच्या पहिल्या गाडीने गेले. मला वाटले होते, बसायला जागा मिळते की नाही कोण जाणे! प्रत्यक्षात पायऱ्यांवर मी धरून सतरा जण होते. त्यांतले पाच पुढच्या सामन्याची वाट पाहणाऱ्या संघातले, दोघे मंडप बांधणारे आणि एक चहावाला. आपल्या संघात माझ्याच बाकावर बसणारी एक मैत्रीण होती. तिचे नाव लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. खो-खोत संरक्षण करणाऱ्या बाजूचे तीन-तीन गडी मैदानात उतरतात आणि एक पाळी नऊ मिनिटांची असते. घड्याळ लावून मी पाहत होते. ती उतरली आणि दोन मिनिटे पन्नास सेकंद हाती लागली नाही. खांबाला हात लावून वळायची, हुलकावणी देऊन पाटीतून सुटायची, पाठलाग करणारी सूर मारून पडायची आणि ही चार हात पुढे! अखेर बाद झाली तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून तिने पायऱ्यांकडे पाहिले. मी टाळ्या वाजवल्या. चहावाल्यानेही किटली खाली ठेवून वाजवल्या. त्या एवढ्या मोठ्या मैदानावर आमच्या टाळ्या कशा वाजल्या असतील, याची कल्पना करा.

त्याच संध्याकाळी आमच्या गावच्या चौकात क्रिकेटच्या जुन्या सामन्याचे पुनःप्रक्षेपण पाहायला दुकानापुढे चाळीस माणसे उभी होती. मला त्यांचा राग नाही. मीही तो खेळ पाहते. पण ज्या संघासाठी आपण घसा कोरडा करतो, त्यातले खेळाडू लिलावात विकत घेतलेले असतात. यंदा आपला असलेला गडी पुढच्या वर्षी समोरच्या संघात दिसतो. आपला त्या संघाशी संबंध कोणता? केवळ शहराच्या नावाचा. आणि ज्या संघातली मुलगी आपल्याच एस.टी.ने येते, आपल्याच उपाहारगृहात अर्धा चहा पिते, तिच्यासाठी मात्र आपल्याला सवड नाही.

विद्यापीठाचा संघ मला आपला का वाटतो, हे सांगितले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रवेश घेतला तेव्हा विद्यापीठ म्हणजे काय, हे मला नीटसे ठाऊक नव्हते. अर्जावरचा शिक्का, परीक्षेच्या शुल्काची पावती, चुकलेले नाव दुरुस्त करून घ्यायला लागलेली रांग आणि "उद्या या" म्हणणारी खिडकी, एवढेच माझे विद्यापीठ होते. त्या विद्यापीठाची मला भीती वाटे. पुढे पहिल्यांदा मैदानावर गेले आणि माझ्या गुणपत्रिकेवरचे तेच बोधचिन्ह एका धावणाऱ्या मुलीच्या छातीवर, घामाने भिजलेले पाहिले. त्या क्षणी माझी भीती गेली. विद्यापीठ म्हणजे नुसती खिडकी नव्हे, विद्यापीठ म्हणजे ही माणसे, आणि त्यांत मीही एक, असे मला वाटले. वडिलांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. विद्यापीठ जिंकते तेव्हा मला काही मिळत नाही. पण माझे असे काहीतरी जिंकते.

विद्यापीठाच्या खेळाची परंपरा आपल्याकडे काही लहानसहान नाही. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५ साली सुरू झाली. अजित वाडेकर आणि सुनील गावस्कर हे दोघेही मुंबई विद्यापीठाकडून खेळून पुढे आले. १९७१ साली वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली, ती गावस्करांची पहिलीच मालिका होती. अगदी अलीकडचे सांगायचे तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत विजयी झाला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते. त्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयात खो-खोविषयी न बोललेला मनुष्य सापडला नसता. विश्वचषक जिंकल्यावर टाळ्या सगळेच वाजवतात. पण विश्वचषकाला जाणारे पाय कोठल्या तरी मैदानावर, सतरा जणांसमोर, वर्षानुवर्षे धावलेले असतात.

कोणी म्हणेल, हे खेळाडू वाढीव गुणांसाठी खेळतात, त्यांचे कौतुक ते काय? पहाटे पाचला उठून सराव करायचा, गुडघे सोलून घ्यायचे, सुट्टीत घरी जायचे नाही, आणि एवढे सगळे चार गुणांसाठी! असा आतबट्ट्याचा व्यवहार करणाऱ्याला खरे तर अर्थशास्त्रात नापास केले पाहिजे.

दुसरा आक्षेप मात्र मला विचारात पाडतो. चाहतेपणाचे वेड झाले तर? अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांचे वेड केवढे आहे, हे मी ग्रंथालयात बसून वाचले. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाची एक गोष्ट तर फारच सुंदर आहे. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे त्यांचा फुटबॉलचा सामना चालू होता. हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ. एकामागून एक गडी जखमी होऊ लागले आणि राखीव गडी संपत आले. तेव्हा प्रशिक्षकांनी किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला प्रेक्षकांमधून खाली बोलावले. त्याने पूर्वी संघाबरोबर सराव केलेला होता. जखमी गड्याचा गणवेश चढवून तो मैदानाच्या कडेला सामना संपेपर्यंत तयारीने उभा राहिला. त्याला उतरण्याची वेळ आलीच नाही. संघ २२-१४ असा जिंकला. पण तेथील विद्यार्थी आजही सामना चालू असेपर्यंत खाली बसत नाहीत. हाक आली तर आम्ही तयार आहोत, असा त्याचा अर्थ. ते स्वतःला 'बारावा गडी' म्हणवतात, कारण त्या खेळात मैदानावर अकराच असतात.

याच विद्यापीठाची दुसरीही गोष्ट आहे. प्रतिस्पर्धी टेक्सास विद्यापीठाबरोबरच्या वार्षिक सामन्यापूर्वी तेथील विद्यार्थी ओंडके रचून प्रचंड होळी उभी करीत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या रात्री हा ओंडक्यांचा डोंगर रचता रचता कोसळला आणि बारा जणांचा मृत्यू झाला. एकाच मैदानाची ही दोन टोके. समोरच्या संघापेक्षा उंच होळी रचणे म्हणजे चाहतेपणा, की हाक आली तर उभे राहणे म्हणजे चाहतेपणा, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. मी किंग गिलच्या बाजूची आहे.

आणि किंग गिलसाठी टेक्सासला जायची तरी काय गरज आहे? आपल्याकडे कोल्हापूर आहे. खाशाबा जाधव हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. गावकऱ्यांनी यथाशक्ती वर्गणी काढली, तरी तूट राहिली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक पदक. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. पुढे खाशाबांनी कुस्त्या करून कर्ज फेडले, हेही सांगतो. मला मात्र त्या मिरवणुकीपेक्षा गहाणखतावरची ती सही मोठी वाटते. जिंकून आलेल्यासाठी बैलगाड्या जुंपायला कोणीही तयार होतो. जो अजून गेलेलाच नाही, जिंकेल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी घर गहाण टाकणारा खरा चाहता. आणि तो एक प्राचार्य होता, हे मी गुरुजनांविषयी पूर्ण आदर राखून येथे नमूद करते.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला मला जड जाते आहे.

ज्या मैत्रिणीसाठी मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, ती पुढच्या फेरीसाठी संघाबरोबर परगावी गेली. त्या आठवड्यात आमची एक अंतर्गत चाचणी होती. हजेरी घेताना तिचे नाव आले. सरांनी विचारले, "कोठे आहे ही?" वर्गात कोणीतरी हसत म्हणाले, "फिरायला गेली असेल, सर." सगळे हसले. ती कोठे आहे, हे मला ठाऊक होते. तिच्या सामन्यांची वेळ मी वहीत लिहून ठेवली होती. पण उभे राहून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी मान खाली घालून प्रश्नपत्रिकेची वाट पाहत बसले. तिच्या नावापुढे 'गैरहजर' लागले. संघाचे पत्र तिने नंतर दिले. पण मुदत टळून गेली होती. तिने माझ्याकडे टिपणे मागितली, तेव्हाही "आज देते, उद्या देते" करता करता मी आठ दिवस लावले. तो विषय राहिला. निकाल पाहून तिचे वडील म्हणाले, "एकतर पदवी घे, नाहीतर पळत बस." यंदा ती संघात नाही.

माझ्या वहीत तिच्या सामन्याचे कात्रण आहे. आडनाव चुकले होते, तेही दुरुस्त केलेले आहे. पण आडनाव दुरुस्त करणारी मी, वर्गात तिचे नाव पुकारले गेले तेव्हा गप्प बसले. मैदानावर सतरा जणांत असण्याचा मला अभिमान होता. वर्गातल्या साठ जणांत मी नव्हतेच. विद्यापीठाने त्या वर्षी एक चांगली संरक्षक गमावली, ती मैदानावर नव्हे, तर आमच्या बाकावर. हाक आली होती आणि मी बसून राहिले.

म्हणून मित्रहो, मला वाटते, चाहता असणे हे केवळ टाळ्या वाजवण्याचे काम नाही. जिमखान्यात हजार रुपयांचे नवे साहित्य येवो न येवो, बिनखर्चाच्या काही गोष्टी आपल्याला करता येतील. विद्यापीठाचे सामने कधी आणि कोठे आहेत, हे मुख्य फलकावर खडूने लिहिता येईल. निकालही लिहावा, हरलो तरी लिहावा. प्रत्येक वर्गातल्या एका-दोघांनी बाहेरगावी गेलेल्या खेळाडूची टिपणे त्याच दिवशी उतरून ठेवावीत. कोणी "कोठे आहे हा?" असे विचारले, तर एकाने तरी उभे राहून उत्तर द्यावे. आणि प्राध्यापक महोदयांना नम्र विनंती अशी, की विद्यापीठासाठी खेळायला गेलेल्या विद्यार्थ्याची चाचणी तो परतल्यावर घेण्याची काही सोय असावी. घर गहाण टाकण्याची अपेक्षा आम्ही करीत नाही. फक्त 'गैरहजर' लिहिण्यापूर्वी पेन क्षणभर थांबावे, एवढेच.

मी टिपणांची एक नवी वही घातली आहे. दुबार कागद ठेवून लिहिते, म्हणजे एक प्रत लगेच देता येते. मैत्रिणीचा राहिलेला विषय तिने या परीक्षेत सोडवला आहे. पुढच्या वर्षी संघनिवडीला जावे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. मी तिला आग्रह करणार नाही. तो अधिकार मी गमावला आहे. पण ती गेलीच, तर पहिल्या गाडीने मीही जाईन.

तुमच्यापैकी कोणी येणार आहे का? पायऱ्यांवर पुष्कळ जागा आहे.

— द्वितीय वर्ष, कला