शूर्पारक आणि वसई : चार दिवसांची यात्रा

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की जबलपूरच्या कांचघरात आणि शेजारच्या घमापुरात मराठी घरांतून एकच विचारणा सुरू होते : या सुट्टीत कोठे जावयाचे? पचमढी पाहून झालेली असते. भेडाघाटास तर आल्यागेल्या पाहुण्यांबरोबर दरवर्षीच जाणे घडते. मुंबईस नातलग असतात. पण तेथे गेल्यावर चौपाटी, राणीचा बाग आणि बाजार यांपलीकडे सहसा पाऊल पडत नाही. अशा कुटुंबांसाठी या वेळी एक छोटी, आखीव सहल सुचवावीशी वाटते. तीत एका प्राचीन नगराचे अवशेष आहेत, एक ऐतिहासिक बंदर आहे, आणि दोन्ही स्थळे इतकी जवळजवळ आहेत की मुलांची व वृद्धांची फारशी दमछाक न होता ती पाहता येतात.

सहलीचा आरंभ मात्र मुंबईत नव्हे, आपल्या घराजवळ करावयाचा आहे. जबलपूरच्या उत्तरेस, सलीमनाबादवरून पश्चिमेकडे वळले म्हणजे बहोरीबंद तहसिलीत, कैमूर डोंगराच्या पायथ्याशी, रूपनाथ हे शिवस्थान लागते. १९९८ साली कटनी जिल्हा वेगळा होईपर्यंत ते जबलपूर जिल्ह्यातच होते. राम, लक्ष्मण व सीता यांच्या नावांनी ओळखली जाणारी, एकीच्या वर एक अशी तीन कुंडे तेथे आहेत. आणि त्यांच्याजवळच्या एका शिळेवर सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरविलेला लेख आहे. या लेखाच्या शेवटी २५६ हा आकडा येतो. पुष्कळ अभ्यासक त्याचा अर्थ प्रवासात घालविलेल्या २५६ रात्री असा लावतात. मोठ्या सहलीपूर्वी एका रविवारी मुलांस रूपनाथ दाखवून आणावे. शिळेवर हात न ठेवता तिची अक्षरे कशी न्याहाळावी, हे घराजवळ शिकलेले दूरवर उपयोगी पडते.

याच राजाचे शब्द येथून सुमारे हजार किलोमीटरवर, समुद्राच्या काठी, पुन्हा भेटतात. पालघर जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. महाभारतात त्याचा उल्लेख आहे. बौद्ध कथांतील पूर्ण नावाचा व्यापारी याच नगरीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वर्णनातही या बंदराचे नाव आहे. येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा भाग सापडला.

आठव्या लेखाचा विषय आपल्या सदराच्या वाचकांस विशेष जवळचा वाटावा असा आहे. तो विषय म्हणजे प्रवास. सोपाऱ्याचा तुकडा त्रोटक आहे. परंतु गिरनार आदी ठिकाणी हाच लेख अधिक पूर्ण स्वरूपात असल्याने त्याचा आशय कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, तीत शिकार आणि तशाच करमणुकी असत, असे अशोक सांगतो. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी तो संबोधीस, म्हणजे बोधगयेस, जाऊन आला आणि तेव्हापासून त्याने धर्मयात्रा सुरू केली. या यात्रेत ब्राह्मण व श्रमण यांच्या भेटी घ्यावयाच्या व त्यांस दान द्यावयाचे, वृद्धांस भेटून त्यांस द्रव्यसाहाय्य करावयाचे, आणि जनपदातील लोकांस भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलावयाचे. यात आपणास अधिक आनंद होतो, असेही तो नमूद करतो.

बावीसशे वर्षांपूर्वीच्या या आज्ञेत आजच्या कौटुंबिक सहलीचीही आखणी सापडते. ज्ञानी माणसे, वडीलधारी माणसे आणि त्या भूमीत राहणारी माणसे, या तिघांना जेथे स्थान नाही, ती सहल पुष्कळ स्थळे दाखवीत असली तरी विहारयात्राच होय. पुढील बेत या तिघांना स्मरून आखला आहे.

जबलपूरहून निघणारी गाडी इटारसी, खांडवा, भुसावळ, नाशिक या मार्गाने कल्याणास पोहोचते. पुढे दादरपर्यंत जाऊन पश्चिम रेल्वेच्या लोकलने वसई रोड गाठावे व मुक्काम तेथेच करावा. सकाळच्या गर्दीच्या वेळी वृद्धांस व मुलांस घेऊन लोकलमध्ये चढण्याचे धाडस करू नये, दुपार निवडावी.

पहिला दिवस सोपाऱ्याचा. नालासोपारा स्थानकाबाहेर पडताच दिसते ती विलक्षण गर्दी. येथे कोठे प्राचीन नगर असेल, असा प्रश्न मुले विचारतील. पश्चिमेस सोपारा गावाकडे रिक्षा वळली, की झाडी आणि तळी दिसू लागतात व त्यांतच स्तूपाचे स्थान येते. गावकरी त्यास बुरुड राजाचा कोट म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी हा उंचवटा मध्यभागी खोदविला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. तीत बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ धातुमूर्ती होत्या आणि मधोमध एकात एक ठेवलेले करंडे होते : तांब्याच्या आत चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय असावे? मृत्पात्राचे लहान लहान तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे होत, अशी समजूत ते ठेवणाऱ्यांची असावी, असे भगवानलालांचे मत पडले. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते.

आज या जागी विटांचे काम आणि मोकळे अंगण एवढेच दिसते. येथे पाच मिनिटांत पाहणे उरकून परत फिरणारी मंडळी पुष्कळ. म्हणूनच येथे जाणत्या माणसाची सोबत आवश्यक आहे. वसईत व सोपाऱ्यात स्थानिक इतिहासाची आवड असलेले शिक्षक व तरुण आहेत. निघण्यापूर्वी ओळखीतून अशा एखाद्याशी संधान बांधावे आणि त्याच्या वेळेचे मोल आनंदाने द्यावे. त्याने करंड्यांची हकीकत त्या अंगणात बसवून सांगितली, तर मुले ती जन्मभर विसरणार नाहीत. त्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : बंदर कोठे गेले? येथील खाडी एकेकाळी उत्तरेस वैतरणेशी आणि दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी जोडलेली होती. हळूहळू ती गाळाने भरत गेली आणि जहाजांनी दुसरे किनारे धरले. नगर लढाईत पडले नाही. पाणी उथळ झाले आणि व्यापार निघून गेला.

दुसरा दिवस वसईच्या किल्ल्यासाठी राखावा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनी येथे तटबंदीच्या आत संपूर्ण नगर वसविले व ते त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाले. पोर्तुगीज आमदानीत जुलूमही झाला आणि स्थानिकांचे धर्मस्वातंत्र्यही संकटात सापडले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी-वसईची मोहीम उघडली आणि चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली प्रखर वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी सत्तेच्या अस्ताची वाट मोकळी झाली. एकाच गावाने विजय व पराधीनता ही दोन्ही पाहिली, हे मुलांस सांगताना एक भाग गाळू नये.

किल्ल्यात सकाळी लवकर शिरावे. छपरे गेलेल्या चर्चच्या उंच भिंती, कमानी, पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा, आतला बालेकिल्ला आणि शेवटी जेटीजवळचा दर्या दरवाजा, असा क्रम ठेवल्यास अकरापर्यंत पाहून होते. मध्ये नागेश्वराचे मंदिर आणि चिमाजी अप्पांचे स्मारक लागते. आजीआजोबांस तेथे विसावा घेऊ द्यावा व मुलांनी पुढचे बुरूज पाहून यावे. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि बंद पादत्राणे जवळ असावीत. पावसाळ्यानंतर गवत दाट असते, म्हणून पायवाट सोडू नये.

दुपारी किल्ल्याबाहेरची वसई पाहावी. या किनारपट्टीत वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती, कोळी, आगरी असे अनेक समाज शेजारी नांदत आले आहेत. उस्मानाबाद येथे २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे याच वसईचे, आणि मराठीचे निष्ठावंत लेखक. मराठीचे अंगण किती विस्तृत आहे, हे जबलपुरात हिंदीच्या शेजारी मराठी जपणाऱ्या आपल्या मुलांस येथे प्रत्यक्ष कळेल. एखाद्या वाडीत परवानगीने जावे, राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी विकत घ्यावीत, पाचूबंदरास कोळणींशी दोन शब्द बोलावेत. जनपदातील लोकांची भेट म्हणतात ती हीच.

तिसऱ्या दिवशी मुंबईत येऊन सोपाऱ्याचा उरलेला भाग पाहावयाचा. कारण सोपाऱ्याचे सारे वैभव आता सोपाऱ्यात नाही. अशोकाच्या शिलालेखाचे दर्शन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घडते. स्तूपातील करंडे आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीने जतन केल्या आहेत. त्या नेहमीच पाहावयास खुल्या असतील असे नाही, म्हणून आधी पत्राने विचारणा करावी. रिकामी जागा आधी आणि वस्तू नंतर, हा क्रम उलटू नये. कोठून काय निघाले हे ज्याने पाहिले आहे, त्यास काचेआडची वस्तू वेगळेच काही सांगते.

चौथा दिवस परतीच्या वाटेवरील नाशिकचा. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे आपण प्रवाशांसाठी निवासस्थाने बांधली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे तो सांगतो. शोर्पारग म्हणजेच आपला सोपारा. लेण्यांस पायऱ्या पुष्कळ असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी खाली पंचवटीकडे जावे. तेथे गोदाकाठी नारोशंकराचे मंदिर आहे आणि त्यावर १७२१ साल असलेली भव्य पोर्तुगीज घंटा आहे. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत गेल्या, त्यांतीलच ही एक. मंदिर बांधणारे नारोशंकर राजेबहाद्दर झाशीचे सुभेदार होते. म्हणजे आपल्या बुंदेलखंडाचाही धागा येथे जुळतो.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. अवशेष पाहावयास निघालेली पुष्कळ कुटुंबे आजीस घरी ठेवून जातात. चालवत नाही, तिला त्यात काय समजणार, घर कोण सांभाळील, अशी कारणे दिली जातात. समजण्याचे म्हणाल, तर पूर्णाची कथा, नागेश्वर आणि गोदावरी यांविषयी घरात सर्वाधिक आस्था बहुधा तिलाच असते. चालण्याचा प्रश्न वर सांगितल्याप्रमाणे दिवसाला एकच स्थळ ठेवल्यास व विसाव्याच्या जागा आधी ठरविल्यास सुटतो. खर्चाची ओढ असल्यास मुंबईच्या बाजारातील खरेदी कमी करावी. पण तिचे तिकीट कमी करू नये. वृद्धांची भेट हे धर्मयात्रेचे अंग मानणाऱ्या राजाचा लेख पाहावयास घरच्या वृद्धांवाचून जाणे शोभत नाही.

मुलांस एकच काम द्यावे. किल्ल्याच्या भिंतींवर पूर्वीच्या प्रवाशांनी आपली नावे कोरून ठेवलेली दिसतील. त्यांत आपले नाव घालू नये आणि विटेचा वा दगडाचा तुकडा खिशात टाकू नये. त्याऐवजी घरून एक वही न्यावी. जेथे जेथे कोणी काही सांगितले, रस्ता दाखविला किंवा पाणी दिले, त्याचे नाव व गाव तीत लिहावे. परत आल्यावर त्यांतील दोघातिघांस तरी पोस्टकार्ड पाठवावे. कांचघराच्या टपालपेटीत टाकलेले ते कार्ड वसईच्या एखाद्या वाडीत पोहोचेल, तेव्हा चार दिवसांची ही यात्रा पुरी झाली असे समजावे.