पारपत्र, प्रवासखर्च आणि पत्रकार

८ मे २०२५ ची रात्र वाचकांच्या स्मरणातून अजून गेली नसेल. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लष्करी संघर्ष ऐन भरात होता आणि आपल्याकडील अनेक दूरचित्रवाणी वाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे वृत्त मोठ्या आवेशाने देऊन टाकले. काहींनी इस्लामाबादही पडल्याचे जाहीर केले. सकाळ उजाडली तेव्हा कराची बंदर जागच्या जागी होते आणि तेथील कामकाजही चालू होते. पलीकडेही याहून निराळे काही घडत नव्हते. जुन्या चित्रफिती आणि संगणकीय खेळांतील दृश्ये ताज्या पराक्रमाचा पुरावा म्हणून तेथे फिरवली जात होती. युद्धकाळात अफवा पिकतात हे खरे. परंतु चारशे वर्षांची छापखान्यांची परंपरा आणि क्षणार्धात जगभर चित्र पोहोचविणारी साधने हाताशी असताना बंदर जळते आहे की नाही एवढे सांगावयास आपल्यापाशी एक माणूस असू नये, याचा विचार त्या रात्रीनंतर फारसा कोणी केला नाही.

असा माणूस नव्हता, कारण तो असू देण्यात आलेला नाही. दोन्ही देशांनी परस्परांच्या राजधानीत प्रत्येकी दोन वार्ताहर राहू द्यावेत, असा संकेत वर्षानुवर्षे चालत आला होता. भारताच्या वतीने 'द हिंदू' आणि 'प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया' यांचे प्रतिनिधी इस्लामाबादेत असत. मे २०१४ मध्ये पाकिस्तानने 'हिंदू'च्या मीना मेनन आणि 'पीटीआय'चे स्नेहेश अलेक्स फिलिप या दोघांनाही देश सोडावयास सांगितले आणि तेव्हापासून ती जागा रिकामीच आहे. मेनन मुंबईच्या पत्रकार. त्यांना तेथे उणेपुरे नऊ महिने मिळाले, तेही बहुतांशी इस्लामाबादच्या चतुःसीमेत. शहराबाहेर पाऊल टाकावयाचे तर वेगळी परवानगी. तरीही त्या मुक्कामावर २०१७ मध्ये त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यातून शेजारच्या देशातील माणसांविषयी जेवढे कळते, तेवढे दिल्लीतील शंभर रात्रींच्या चर्चांतून कळत नाही. चीनच्या बाबतीतही हेच झाले. २०२३ मध्ये एकमेकांच्या वार्ताहरांचे व्हिसा अडविता अडविता एक वेळ अशी आली की जगातील दोन सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या देशांत परस्परांचे वार्ताहर जवळजवळ उरलेच नाहीत.

कायमचा वार्ताहर ठेवता येत नसेल तर निदान काही आठवड्यांसाठी तरी पत्रकाराने जावे, यासाठी प्रवासवृत्ती देण्याची कल्पना या पार्श्वभूमीवर पुन्हा पुन्हा मांडली जाते. होनोलुलू येथील ईस्ट-वेस्ट सेंटर ही संस्था अमेरिकी काँग्रेसने १९६० मध्ये स्थापन केली. तिने भारतीय आणि पाकिस्तानी पत्रकारांना एकत्र आणून जोडीने वार्तांकन करावयास लावण्याचे उपक्रम केले आहेत. 'साफमा' या दक्षिण आशियाई पत्रकार संघटनेने २००४ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानी पत्रकारांना जम्मू-काश्मीरमध्ये आणले आणि पुढे भारतीय पत्रकार नियंत्रणरेषेपलीकडे जाऊन आले. मुंबई आणि कराची येथील प्रेस क्लबांनीही एकमेकांकडे जाणे-येणे केले. हे सर्व स्तुत्य आहे, असे म्हणून थांबणे सोपे आहे. आम्हांस मात्र या दौऱ्यांच्या फलिताविषयी थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते.

शिष्टमंडळातून गेलेला पत्रकार बहुधा शिष्टमंडळासारखेच लिहितो. यजमानांचे अगत्य, अनारकली बाजारातील दुकानदाराने पैसे घेण्यास दिलेला नकार, फाळणीपूर्वीचे घर शोधीत आलेल्या वृद्धाचे अश्रू, असे लेख आपण किती वाचले! त्यांतील भावना खोटी नसते. पण २० फेब्रुवारी १९९९ रोजी पंतप्रधान वाजपेयी यांच्या बसबरोबर लाहोरला गेलेल्या पत्रकारांपैकी कितीजणांना त्याच सुमारास कारगिलच्या शिखरांवर काय शिजते आहे याचा सुगावा होता? मे महिन्यात ते सर्वांना कळले. मिरवणुकीबरोबर चालणाऱ्यास मिरवणूकच दिसते. याच्या नेमके उलट उदाहरण कुलदीप नय्यर यांचे. १९८७ च्या जानेवारीत ते इस्लामाबादला गेले ते कोणत्याही शिष्टमंडळातून नव्हे, तर 'मुस्लिम' या दैनिकाचे संपादक मुशाहिद हुसेन यांच्या लग्नाच्या आमंत्रणावरून. त्या मुक्कामात अब्दुल कादीर खान यांनी त्यांना पाकिस्तानच्या अणुबॉम्बविषयी जे सांगितले, ते १ मार्च रोजी लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ उडाली. मुशाहिद हुसेन यांना त्यापायी संपादकपद सोडावे लागले. बातमी मिळते ती अशी, ओळखीच्या माणसाच्या दिवाणखान्यात, आणि तिची किंमत कित्येकदा यजमानालाच मोजावी लागते.

मग प्रश्न उरतो पैशाचा, आणि तो वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. आपल्याकडील विदेशी योगदान नियमन कायदा १९७६ चा. २०१० मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. नोंदणीकृत वृत्तपत्राचा संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, मालक, मुद्रक, प्रकाशक या सर्वांना विदेशी योगदान स्वीकारण्यास त्यात मनाई आहे. म्हणजे परदेशी प्रतिष्ठानाने वार्ताहराच्या हाती रोख वृत्ती ठेवणे कायद्याच्या चौकटीत बसणे कठीण. तिकीट काढून देणे आणि मुक्कामाची सोय करणे ही गोष्ट वेगळी. आतिथ्य स्वीकारण्यापूर्वी सरकारची अनुमती ज्यांना लागते त्यांच्या यादीत लोकप्रतिनिधी, न्यायाधीश, सरकारी नोकर आहेत, पत्रकार नाहीत. पत्रकारांचे हे सीमापार उपक्रम बहुधा तिकीट, हॉटेल आणि कार्यशाळा याच स्वरूपाचे असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. कायद्यामागील शंका सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तिसऱ्या देशाच्या पैशाने शेजाऱ्याच्या घरी जाणाऱ्याला, तो कितीही प्रामाणिक असो, दोन्ही घरांत संशयाने पाहिले जाते. शिवाय असा पैसा एका रात्रीत आटतो. अमेरिकेने २०२५ मध्ये परदेशी मदतीचा हात आखडला, 'यूएसएड' ही साठाहून अधिक वर्षांची यंत्रणाच मोडीत काढली आणि त्या एका निर्णयाने कित्येक देशांतील वृत्तसंस्थांचे आर्थिक कंबरडे मोडले.

या बाबतीत जर्मनी आणि पोलंड यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या दोन राष्ट्रांत किती रक्त सांडले होते हे सांगावयास नको. पोलंडने १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीकडून मोठे कर्ज घेतले होते. पुढे साम्यवादी राजवट कोसळल्यावर त्यातील काही भाग माफ झाला आणि उरलेला जर्मनीस परत न करता पोलंडच्याच चलनात एका सामाईक निधीत भरावयाचा, असे ठरले. त्यातून १९९१ मध्ये पोलिश-जर्मन सहकार्य प्रतिष्ठान उभे राहिले. शेजारच्या देशाविषयी लिहू इच्छिणाऱ्या पत्रकारांना हे प्रतिष्ठान प्रवास आणि संशोधनासाठी वृत्ती देते. १९९७ पासून तेथे अशा लिखाणास संयुक्त पुरस्कारही दिला जातो. या व्यवस्थेतील शहाणपण असे की, पैसा कोणा एकाचा म्हणता येत नाही. तो ऋणकोचाही आहे आणि धनकोचाही. दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात असा निधी आज निघेल, अशा भ्रमात आम्ही नाही. १९४७ च्या मालमत्तेच्या वाटणीचे हिशेबच जेथे अजून पुरते मिटलेले नाहीत, तेथे नव्या तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवावयाची यावरच दहा वर्षे जातील.

आणि निधी निघाला तरी व्हिसाचे काय? या दोन देशांचा व्हिसा देशाचा नसतो, नेमून दिलेल्या शहरांचा असतो. पोलीस ठाण्यात हजेरी देणे हा त्याचा नित्यनियम. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम येथील निर्घृण हत्याकांडानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांची व्हिसा-सेवा स्थगित केली, अटारीचा मार्ग बंद केला आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही मिटवून घेतले. त्या हत्याकांडानंतर कठोर पावले उचलणे अटळ होते, यात आम्हांस शंका नाही. परंतु सरकारच्या मनात आले की पत्रकारांसाठी दार उघडते, हे आपण गोव्यातच पाहिले आहे. मे २०२३ मध्ये बाणावलीस शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा बिलावल भुट्टो झरदारी यांच्या पाठोपाठ पाकिस्तानी पत्रकारही आले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्लामाबादच्या बैठकीस आपले परराष्ट्रमंत्री गेले तेव्हा भारतीय पत्रकार तेथे होते, आणि नंतर लाहोरला नवाझ शरीफ त्यांच्याशी बोलले. मंत्र्याच्या मागोमाग येणाऱ्या पत्रकाराला व्हिसा मिळतो. मासेमाराच्या मागोमाग जाणाऱ्याला तो का मिळू नये?

मासेमारांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी आपल्या तुरुंगांतील परस्परांच्या नागरिकांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ च्या याद्यांनुसार १९३ भारतीय मासेमार पाकिस्तानच्या आणि ८१ पाकिस्तानी मासेमार भारताच्या ताब्यात होते. यांतील भारतीयांत गुजरातचे पुष्कळ, तसेच पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशीही असतात. ते गुजरातच्या बोटींवर हंगामापुरते मजुरीस जातात आणि सर खाडीच्या अनिश्चित रेषेपाशी पकडले जातात. घरी चूल कशी पेटते, शिक्षा भोगून झाल्यावरही सुटका का रखडते, कराचीच्या मालीर तुरुंगात त्यांना औषध मिळते की नाही, याचे उत्तर दिल्लीच्या पत्रकार परिषदेत मिळणार नाही. ज्या किनाऱ्यावर आपण राहतो त्याच किनाऱ्याचा हा विषय आहे. एके काळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा झाला. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांचे नाव आहे, आणि आमच्या गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे आप्त पिढ्यान्‌पिढ्या त्या शहरात नांदले. त्या शहराविषयी मराठी वाचकाला आज जे काही कळते ते वृत्तसंस्थेच्या इंग्रजी तारेचे भाषांतर असते, किंवा ८ मेच्या रात्रीसारखी आरोळी.

पलीकडील एका पत्रकाराने काय केले याचे उदाहरण मुंबईकरांनी तरी विसरू नये. वर्सोव्याचा हमीद अन्सारी हा तरुण अभियंता नोव्हेंबर २०१२ मध्ये अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानात शिरला आणि कोहाट येथे नाहीसा झाला. त्याच्या आईने मुंबईहून मारलेल्या हाका ऐकल्या त्या लाहोरच्या झीनत शहजादी या तरुण पत्रकार महिलेने. आईच्या वतीने तिने न्यायालयाचे दार ठोठावले आणि हमीद सरकारच्या ताब्यात आहे हे अखेर बाहेर आले. ऑगस्ट २०१५ मध्ये ती स्वतःच पळवली गेली. ती परत मिळाली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, अफगाण सीमेजवळ. तिचा धाकटा भाऊ तोवर या जगात राहिला नव्हता. हमीद १८ डिसेंबर २०१८ रोजी वाघा ओलांडून घरी आला. या बाईला कोणी प्रवासवृत्ती दिली नव्हती, भारताचा व्हिसाही तिला लागला नाही. पण एकट्या पत्रकाराच्या पाठीशी कोणी नसले म्हणजे त्याचे काय होते, हेही या कहाणीत आहे.

गोव्याला वार्ताहराचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीज अमदानीत येथील वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचा जाच होता. गोव्यात काय चालले आहे हे गोवेकरांनाच बेळगाव-मुंबईच्या पत्रांतून कळे, आणि ती पत्रे बाळगणे हाही गुन्हा ठरू शके. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे पडली, त्याची लिस्बनने सांगितलेली हकीकत आणि सीमेवरून बातमीदारांनी पाठविलेली हकीकत यांत जे अंतर होते, ते त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

म्हणून मोठ्या निधीची आणि करारमदारांची वाट न पाहता एक लहान गोष्ट करता येण्याजोगी आहे. पश्चिम किनाऱ्यावरील मराठी, कोंकणी आणि गुजराती वृत्तपत्रांनी आपापल्या उत्पन्नातून थोडी थोडी रक्कम काढून एक सामाईक थैली करावी. ती सरकारची नसावी, परदेशाची नसावी आणि जाहिरातदाराचीही नसावी. निवड वृत्तपत्रांच्या मालकांनी न करता ज्येष्ठ, निवृत्त पत्रकारांनी करावी. वृत्ती भाषिक पत्रांतील वार्ताहरालाच मिळावी, दिल्लीच्या निवेदकांना तिची गरज नाही. तीन दिवसांचा दौरा नसावा. किमान चार आठवडे एका शहरात राहावे, तेथील एखाद्या वृत्तपत्राच्या बातमीदाराबरोबर काम करावे आणि दोघांचे लिखाण दोन्हीकडे छापून यावे. छापण्यापूर्वी ते कोणत्याही दूतावासास दाखविले जाऊ नये.

व्हिसा देणे तर दोन्ही सरकारांच्याच हाती आहे. त्यांच्याकडे मागणी करावयाची ती एवढीच की, शांतता असो वा तणाव, दर वर्षी प्रत्येकी दहा-पाच पत्रकारांना एका तुरुंगापुरता, एका बंदरापुरता का होईना, प्रवेश द्यावा. पहिल्या वर्षी दोघांना पाठविले तरी पुरे आहे. आपल्याकडील एकाने मालीर तुरुंगाच्या दाराशी जावे आणि कराचीच्या मच्छर कॉलनीतील किंवा इब्राहीम हैदरीतील कोळ्यांच्या घरची हकीकत ठाऊक असलेल्या तेथील एकाने गुजरातच्या किनाऱ्यावर यावे, जप्त केलेल्या बोटी कोठे कुजत आहेत ते पाहावे. दोघांचे अर्ज एकाच दिवशी दोन्ही दूतावासांत दाखल करावेत, आणि कोणाचा अर्ज किती दिवस पडून आहे हे दोन्ही देशांतील वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर रोज छापावे.