बडोद्याचा धडा

फेब्रुवारीअखेर मराठी भाषा गौरव दिन आला, की ग्रंथदिंड्या निघतात, भाषणे होतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून या उत्साहाला आणखी भरते आले आहे. त्याचा आनंद आम्हालाही आहे. मात्र नंदुरबार, नवापूर, शहादा येथील महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचे किंवा अर्थशास्त्राचे चांगले मराठी पुस्तक परवडेल अशा किमतीत मिळते काय, हा प्रश्न दिंडीत कोणी विचारत नाही. घरात भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलणारा हा मुलगा शाळेत कष्टाने मराठी शिकतो. महाविद्यालयात पाऊल ठेवताच त्याच्यापुढे इंग्रजीचे जाडजूड पुस्तक येते. ते विकत घेण्याची ऐपत नसते आणि ग्रंथालयातील एकुलती प्रत दुसऱ्याने नेलेली असते. मग तो गाईड घेतो, झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स घेतो आणि पास होण्यापुरते पाठ करतो. याला शिक्षण म्हणायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक राजा आपल्या शेजारीच होऊन गेला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड हे खानदेशच्या उंबरठ्यावरचेच. नवापूरच्या पलीकडचे सोनगड आणि व्यारा हे मुलूख त्यांच्याच राज्यातले. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी तो साऱ्या राज्याला लागू केला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. मूल शाळेत आणले तरी त्याच्या हाती पुस्तक कोणते द्यायचे, याचाही विचार बडोद्याने केला होता.

शास्त्रीय विषयांची पुस्तके आणि परिभाषा देशी भाषांत तयार करण्याचे काम बडोदे सरकारने त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवले आणि त्यासाठी पैसा वेगळा काढला. याच गज्जरांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले. रंगकाम, यंत्रकाम असे विषय तेथे देशी भाषेतून शिकवले जात. १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या मदतीने गावोगावी मोफत वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी पुस्तके सुरू झाली. १९१२ मध्ये सयाजीरावांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून सयाजी साहित्यमालेची गुजराती व मराठी पुस्तके निघू लागली. १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी कोश छापला गेला.

या साऱ्या उद्योगामागे एक साधे सूत्र होते. पुस्तक लिहून घेण्याचा खर्च सरकारने आधीच सोसायचा आणि वाचणाऱ्याच्या खिशातून तो वसूल करायचा नाही. लेखकाला त्याच्या श्रमाचे मोल मिळाले, छपाईची सोय झाली, की पुस्तकाची किंमत कागदाच्या किमतीजवळ येते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? बडोद्याने आधी आड भरला.

पुढे हा धागा तुटला. १९४९ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्यात सामील झाले. विद्यापीठाने शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठेवले. अनेक प्रांतांचे विद्यार्थी तेथे येतात, तेव्हा त्या निर्णयाला कारणे होती. पण ज्या नगरीने देशी भाषांत शास्त्र आणण्याचा ध्यास घेतला, तेथेच ते काम मागे पडले, ही वस्तुस्थिती राहते.

१९६८ च्या सुमारास केंद्राने पुन्हा प्रयत्न केला. विद्यापीठीय पुस्तके प्रादेशिक भाषांत काढण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांपर्यंत मदत देऊ केली. गुजरातेत त्यातून युनिव्हर्सिटी ग्रंथ निर्माण बोर्ड उभे राहिले, ते आजही अहमदाबादेत पुस्तके काढते. आपल्याकडे नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झाले. नामवंत प्राध्यापकांनी त्यासाठी कसून लिहिले. मंडळ मात्र टिकले नाही. त्याच्याबरोबर त्याची पुस्तकेही गेली. जुन्या महाविद्यालयांच्या मागल्या कपाटांत ती धूळ खात पडलेली दिसतात. हक्क संस्थेच्या नावावर असलेले पुस्तक दुसऱ्या कोणाला परवानगीवाचून छापता येत नाही, सुधारता येत नाही. परवानगी देणारेच उरले नाहीत, तर पुस्तक मरते. पैसा जनतेचा होता, पुस्तक मात्र जनतेचे झाले नाही.

यावरचा उपाय जगात आता रुळला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपले पाठ सर्वांना खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. युनेस्कोने २००२ मध्ये या चळवळीला नाव दिले. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने २०१२ पासून ‘ओपनस्टॅक्स’ या नावाने पदवीची पूर्ण पाठ्यपुस्तके खुली केली. ही पुस्तके संगणकावर फुकट मिळतात. ती मुक्त परवान्याखाली असल्याने मूळ लेखकाचे नाव कायम ठेवून कोणालाही ती वाटता येतात, आपल्या अभ्यासक्रमाला जुळवून घेता येतात आणि परवान्याच्या अटी पाळून भाषांतरितही करता येतात. फुकट आणि खुले यांतला फरक येथे आहे. फुकट पुस्तक उद्या काढून घेता येते. खुले पुस्तक संस्था बंद पडली तरी दुसरा कोणी छापू शकतो.

आम्हा सीमेवरच्या लोकांना तर भाषांतराच्या या मोकळिकीचे मोल अधिक. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. गाडी एका राज्यातून दुसऱ्यात परवानगी न मागता जाते. पुस्तकाला मात्र ती मोकळीक नाही. अहमदाबादेत निघालेले गुजराती पुस्तक खुले असेल, तर त्याचे मराठी करायला दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक या पट्ट्यात आहेत. बडोद्याच्या विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. या दोघांनी हातात हात घातले, तर तापीच्या दोन्ही अंगांच्या मुलांचे काम होईल.

लेखक आणि प्रकाशक यांनी काय खायचे, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणूनच लेखकाला मानधन आधी आणि भरपूर मिळाले पाहिजे. कथा-कादंबरी कोणी खुली करा म्हणत नाही. येथे बोलणे आहे ते सरकारी पगार वा अनुदान घेऊन लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांचे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानावर बड्या प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा अभ्यासासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास कायद्यात मुभा आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. त्याने विद्यार्थ्यांना दिलासा मिळाला. पण झेरॉक्सने पुस्तक स्वस्त होते, मराठी होत नाही.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये ‘अस्मिता’ योजना जाहीर केली आहे. पाच वर्षांत भारतीय भाषांतून २२ हजार पुस्तके काढण्याचा संकल्प आहे. आकडा मोठा आहे. पण ती कोणत्या अटींवर निघणार, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे. नागपूरची चूक पुन्हा होऊ नये, यासाठी आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सरकारी पैशातून लिहिलेले प्रत्येक पाठ्यपुस्तक मुक्त परवान्याखाली निघावे. ते लिहिणाऱ्या व भाषांतर करणाऱ्या प्राध्यापकाचे काम त्याच्या बढतीत शोधनिबंधाच्या बरोबरीने धरले जावे. आणि धडगाव, अक्कलकुव्यात इंटरनेटची रेंज कधी असते, कधी नसते, हे ध्यानात ठेवून प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात छापील प्रती पुरेशा असाव्यात.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला जे सुचले आणि परवडले, ते आज दोन संपन्न राज्यांना परवडत नाही, असे कोणी म्हणू नये. अभिजात भाषेचा मान मोठाच आहे. तो पहिल्या वर्षाच्या वर्गात मागल्या बाकावर बसलेल्या मुलाच्या हाती पुस्तकाच्या रूपाने पोहोचला पाहिजे.