पहिला बोर्ड कोणता घ्यायचा?

परवा ऑफिसातल्या एका ज्युनिअरने मला एक एक्सेल शीट दाखवली. हौस म्हणून इलेक्ट्रॉनिक्स सुरू करायचंय, तर पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड कोणता घ्यावा याचा अभ्यास! चौदा बोर्ड, प्रत्येकाचा क्लॉक स्पीड, मेमरी, किंमत. लग्नाला स्थळं बघावीत तसा हा पठ्ठ्या तीन आठवडे नुसता बघतोच आहे.

शीटवर आर्डुइनो ऊनो बिचारा शेवटून पहिला. १६ मेगाहर्ट्झ, २ केबी रॅम. शेजारी ईएसपी-३२ : २४० मेगाहर्ट्झ, वायफाय, ब्लूटूथ, वर अस्सल ऊनोपेक्षा स्वस्त. मग ऊनो कोण घेईल?

मी म्हटलं, तू घे.

कारण शीट बघून बोर्ड निवडायचा उद्योग मीही केलाय. सरळ ईएसपी-३२ आणला आणि पहिल्याच रविवारी त्याला अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर जोडला. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि सिग्नलही ५ व्होल्टचाच परत देतो. ईएसपीच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मधे दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज खाली आणायला हवं होतं, पण डेटाशीट वाचतोय कोण! थोडा वेळ आकडे आले, मग सगळं ठप्प. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. रात्री दोनपर्यंत कोडमधेच बग शोधत बसलो. पिन मेली आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं. डबा माळ्यावर गेला तो दीड वर्ष तिथेच.

आपल्या धंद्यात कंट्रोल-झेड असतं, तारांना नसतं. म्हणून पहिला बोर्ड चुका पोटात घालणारा हवा. ऊनो आर-३ स्वतःच ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे असले सेन्सर थेट जोडता येतात. तोही अमर नाही. रेझिस्टरशिवाय एलईडी लावलात तर पिन जळू शकते. पण त्याच्या मूळ डिझाइनमधे एटीमेगा-३२८पी ही २८ पायांची चिप सॉकेटमधे बसवलेली असते. मेली तर उपटायची आणि बूटलोडर टाकलेली नवी बसवायची. फक्त घेताना ती लांबट चिप बघून घ्या. बारकी चौकोनी चिप थेट सोल्डर केलेले बोर्डही ऊनो म्हणूनच मिळतात.

२००५ साली इटलीतल्या इव्रिया गावात आर्डुइनो जन्माला आला तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, इंजिनिअरांसाठी नव्हे. नवख्या माणसाचा विचार त्यात पहिल्यापासून आहे.

"पण वायफायचं काय?" ज्युनिअर हटेना.

अरे, लागेल तेव्हा घे की ईएसपी! प्रोग्रामिंग त्याच आर्डुइनो आयडीईत करता येतं, म्हणजे शिकलेलं फुकट जात नाही. तोवर ५ आणि ३.३ मधला फरक हाताला कळलेला असेल.

असो. शनिवारी त्याला तापकीर गल्लीत पाठवतोय. यादीत एक ऊनो, एक ब्रेडबोर्ड, रेझिस्टरचं पाकीट आणि एक साधा मल्टीमीटर. मल्टीमीटर विसरू नको म्हणून दोनदा बजावलंय. त्या रात्री माझ्याकडे तो असता, तर दीड वर्ष वाचलं असतं.