जुनी मोटार, जाम इंजिन आणि कच्ची पावती

आमच्या कापड धंद्यात तागा उघडल्यावर आत डाग निघाला, तर घेणारा तो परत आणतो आणि देणारा कुरकुरत का होईना, बदलून देतो. जुन्या मोटारींच्या बाजारात रीत उलटी आहे. गाडी दुकानाबाहेर पडली की विकणाऱ्याची जबाबदारी संपली, असे विकणाराही मानतो आणि घेणाराही. पंधरा दिवसांत इंजिन जाम झाले की आमचे बंधू नशिबाला बोल लावतात आणि गॅरेजवाल्यापुढे नोटा मोजतात. हा समज कायद्याला धरून नाही.

माल विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. जो इसम त्या मालाचाच व्यापार करतो, त्याने विकलेला माल विकण्यालायक असला पाहिजे, असे त्यात गृहीत धरले आहे; पावतीवर तसे लिहिलेले नसले तरीही. माल तुम्ही तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जो ऐब दिसायला हवा होता, त्याबद्दल तक्रार चालत नाही. दहा वर्षे चाललेल्या गाडीकडून नव्याची अपेक्षा कोणी करू नये. किंमत, वय आणि धाव पाहूनच हिशेब होतो. पण बोअर-पिस्टन झिजलेले असताना धूर दिसू नये म्हणून इंजिनात जाड ऑइल घालणे, मीटर मागे फिरवणे, ही सौद्यातली हुशारी नव्हे. ठाऊक असलेला ऐब मुद्दाम झाकणे ही १८७२ च्या करार कायद्यात फसवणूकच आहे. मग पावतीवर ‘जशी आहे तशी घेतली’ असा शिक्का मारला म्हणून विकणाऱ्याची सुटका होत नाही.

दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रार आपण राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्यात करता येते. मुंबईची गाडी घेतली म्हणून मालेगावच्या माणसाने मुंबईला खेपा घालायची गरज नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. निकाल कायद्यात लिहिलेल्या महिन्यांत लागतो असे मात्र समजू नका, तारखा पडतात.

आता आपल्या वाचकांचा खरा अडसर. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू असेल, तर घेणारा कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. अपवाद एकच : स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने याचा खुलासा केला. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक आहे. केवळ दुसऱ्याच्या हाती देऊन चालवायला घेणारा नाही. म्हणजे जो कारागीर जुनी ओम्नी घेऊन स्वतःच माल पोचवतो, त्याला हे दार उघडे आहे. पेढीच्या नावावर गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवणाऱ्याला बहुधा दिवाणी कोर्टच गाठावे लागेल. घरच्या वापराची गाडी दुकानाच्या वहीत दाखवून चार पैशांचा खर्च टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा. ओळखीतल्या माणसाने आपली एकच गाडी विकली असेल, तर तो व्यापारी नव्हे. तिथेही आयोग नाही, दिवाणी दावाच.

‘मी नुसता दलाल, मालकाला विचारा’ ही जुनी सबब आता तितकीशी चालणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते आणि त्याच्या ताब्यात रीतसर दिलेल्या गाडीचा मालक तोच समजला जातो. बयाणा देण्याआधी हे पत्र पाहायला मागा. न दाखवणाऱ्याकडून पक्के बिल मिळण्याची आशाही ठेवू नका. मला खरी चीड येते ती इथे. हजार-दोन हजारांचा माल आपण बिलाशिवाय दुकानात घेत नाही आणि ३ लाखांची गाडी कच्च्या चिठ्ठीवर, रोख रकमेत, जबानीवर घेतो. मग आयोगापुढे दाखवायचे काय?

इंजिन बसले की सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे ते न उघडणे. गॅरेजवाला लगेच हेड खोलायला निघतो, त्याला थांबवा. आधी डीलरला लेखी नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. येऊन पाहण्यासाठी दिवस ठरवून द्या. तो आला नाही तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये उघडा, फोटो घ्या, बिघाडाचे कारण लेखी मागा आणि काढलेले भाग भंगारात देऊ नका. इंजिन ऑइल चहासारखे दुधी झाले असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत होते. गॅस्केट आधीपासून गेले होते की तुम्ही गाडी तापू दिली, हाच पुढे वाद होतो. विमा कंपनीकडे धाव घेऊ नका, नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही.

कायद्यात एक उणीव उरते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालात ६ महिन्यांत दोष निघाला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असे धरतात. तसे नव्हते हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचे. पहिल्या ३० दिवसांत सदोष माल परत करून पैसे मागता येतात. जुनी गाडीही यात येते. आपल्याकडे पुराव्याचा सगळा बोजा घेणाऱ्यावर, म्हणजे ज्याला इंजिनातले काही कळत नाही त्याच्यावर. डीलरांना अधिकारपत्र देणाऱ्या सरकारने निदान पहिल्या ३ महिन्यांपुरता हा बोजा त्यांच्यावर टाकावा. व्यापारी संघटना आणि ग्राहक मंडळे, दोघांनीही ही मागणी लावून धरली पाहिजे.